वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी मानसशास्त्रज्ञांना खरे सांगावे का?

प्रश्न
माझ्या धाकट्या बहिणीचे वय ३४, बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) ४१, सोबत मधुमेह. पुढील महिन्यात तिची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया) ठरली असून त्याआधी मानसशास्त्रज्ञांची भेट सक्तीची आहे. वडील म्हणतात, "ऑपरेशन पोटाचे आहे, डोक्याचे नाही." बहिणीची भीती निराळी आहे. घर झोपल्यावर ती अंधारात फरसाणाचा डबा घेऊन बसते, आणि हे कबूल केले तर शस्त्रक्रिया नाकारतील, असे तिला वाटते. नैराश्यावरची गोळीही तिला गेली काही वर्षे सुरू आहे. तिने काय करावे?

प्रतिसाद १ (समुपदेशक)
सांगावे, आणि डब्यापासूनच सुरुवात करावी. ही भेट म्हणजे पास-नापासाची परीक्षा नव्हे. रात्रीचे खाणे किंवा जुने नैराश्य एवढ्यावरून सहसा कोणी नकार देत नाही. फार तर आधी काही आठवडे उपचार करून तारीख पुढे नेतात. आटोक्यात नसलेले व्यसन, आत्महत्येचे विचार किंवा तीव्र मनोविकार असेल, तर मात्र थांबवतात आणि ते योग्यच आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढला जातो, भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक कमी होते. पण ती भुकेपोटी खात नसेल, एकटेपणामुळे खात असेल, तर त्या कारणाला कात्री लागत नाही. गोळीबाबत मनोविकारतज्ज्ञांना आधीच कळवावे. शस्त्रक्रियेनंतर काही औषधांचे, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचे, शोषण बदलू शकते. गोळी परस्पर बंद मात्र करू नये.

प्रतिसाद २
माझी शस्त्रक्रिया २०१९ मध्ये झाली. पहिले काही महिने वरणाचे पाणी वाटीभरही संपत नसे आणि भेटेल तो कौतुक करी. दुसऱ्या वर्षी कौतुक थांबले, सैल कातडी राहिली आणि लग्नाच्या पंगतीतला "एवढेच?" हा आग्रह सुरू झाला. पोळी दोन घासांतच अडकायची, पण चिवडा मात्र मूठ-मूठ करून दिवसभर आरामात जाई. हे मी आहारतज्ज्ञांपासून लपवले. माझ्या रुग्णालयाने वजन दर वेळी विचारले, मन एकदाही नाही. शेवटी मीच समुपदेशन शोधले, तेही सहा किलो परत आल्यावर.

प्रतिसाद ३ (डॉक्टर)
वरील अनुभवातले "दुसरे वर्ष" महत्त्वाचे आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वतःला इजा करून घेतल्याने तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट आढळले. असे बहुतेक प्रसंग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले होते, आणि त्यातील बहुतेकांना मानसिक आजाराचा पूर्वेतिहास होता. एकूण रुग्णांच्या तुलनेत हे प्रसंग थोडेच, म्हणून शस्त्रक्रिया टाळू नये. पण समुपदेशकाच्या पुढील भेटींच्या तारखा आताच ठरवून घ्याव्यात. गॅस्ट्रिक बायपास या वजन कमी करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर चढते, हेही घरच्यांना ठाऊक असावे. अडचणीच्या रात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहेच.

प्रश्नकर्ती
बहीण डब्याविषयी सांगायला तयार झाली आहे. शुक्रवारची वेळ मिळाली. वडीलही येणार आहेत. मी बाहेर बसेन, असे म्हणाले.