भाजीच्या गाडीवर अचूक, वहीत चूक: असे का होते?

पाटीपेन्सिल: मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका शाळेत चौथीला गणित शिकवते. वर्गातील एक मुलगा संध्याकाळी वडिलांच्या भाजीच्या गाडीवर असतो. १३७ रुपयांच्या भाजीसाठी गिऱ्हाइकाने दोनशेची नोट दिली, तेव्हा त्याने माझ्यादेखत तीन रुपये ठेवून ‘एकशे चाळीस’, दहाची नोट ठेवून ‘दीडशे’ आणि पन्नासची ठेवून ‘दोनशे’ म्हटले. हाच मुलगा वहीत २०० वजा १३७ चे उत्तर १३७ असे लिहितो. यावर काही संशोधन झाले आहे का? हातच्याची वजाबाकी पुन्हा पुन्हा घोटून घेणे मला आता व्यर्थ वाटू लागले आहे.

मानखुर्दकर: बाई, त्याचे उत्तर निष्काळजीपणाचे नाही. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून शून्य वजा केले आणि दशकाच्या घरातही तेच केले. हा त्याने स्वतः बनवलेला नियम आहे आणि तो इमानेइतबारे पाळतो आहे. वजाबाकीतील अशा पद्धतशीर चुकांचा अभ्यास ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्येच मांडला होता. आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे काम ब्राझीलमधील रेसिफे शहरातले आहे. तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाजारात विक्री करणाऱ्या मुलांची विक्रीच्या ओघातील सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. त्याच मुलांना नंतर शाब्दिक उदाहरणे दिली तेव्हा हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर आणि नुसत्या आकडेमोडीत सुमारे ३७ टक्क्यांवर आले. मुले मात्र पाचच होती, हे विसरू नये.

शीवकर: मला यात मराठी संख्यानामांचा दोष दिसतो. सदतीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना तीन. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा तिची टिंगलच अधिक झाली, विचार कमी झाला.

मानखुर्दकर: संख्यानामे अवघड आहेत हे मान्य, पण ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत सदतीस म्हणताना तीस आधी येतात आणि तरीही रेसिफेच्या मुलांमध्ये हीच दरी दिसली. शिवाय २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या, कोलकाता आणि दिल्लीतील मुलांवरील अभ्यासात उलट बाजूही दिसली: बाजारात काम न करणारी शाळकरी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे शाळेतली रीतही आपोआप बाहेर जात नाही. आपला विद्यार्थी गाडीवर १३७ पासून २०० पर्यंत पुढे चालत जातो. ती वजाबाकीच आहे. तीच चाल त्याला संख्यारेषेवर काढू द्यावी, हातचा नंतर आणावा.

पाटीपेन्सिल: काल करून पाहिले. संख्यारेषेवर त्याने ३, १० आणि ५० अशा तीन उड्या मारल्या आणि ६३ लिहिले. मग वहीतले जुने उत्तर दाखवताच तो म्हणाला, “बाई, १३७ परत दिले तर भाजी त्रेसष्टलाच गेली की!” आणि स्वतःच ते खोडले. त्यानंतर रुपयांचा उल्लेख न करता ४०२ वजा १५८ दिले, तर पुन्हा ३५६. आज संख्यारेषा आणि उभी मांडणी एकाच पानावर शेजारी शेजारी काढून घेणार आहे.