शांती-प्रेमाची गाणी पोकळ असतात का? मुलाशी वाद झालाय, सांगा जरा

सुदामानगरची_ताई:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमच्या कॉलोनीच्या गणपतीत यंदा मुलांचं समूहगान माझ्याकडे आलंय, बावीस मुलं, निम्मी मराठी, बाकी हिंदी, सिंधी, गुजराती घरातली, म्हणून म्हटलं शांती आणि प्रेमाचं काहीतरी घेऊ, सगळ्यांना आपलं वाटेल. तर माझा मुलगा, बारावीत आहे, म्हणतो आई ही गाणी पोकळ असतात, 'हातात हात घेऊ, जग सुंदर करू' एवढंच, पण हात कोणाचा धरायचा आणि मग करायचं काय ते एकही गाणं सांगत नाही. मला फार लागलं ते. 1988 साली दूरदर्शनवर 'मिले सुर' लागायचं, त्यात 'माझ्या तुमच्या जुळता तारा' ही ओळ आली की आजी पोळी लाटता लाटता थांबायची, लाटणं तसंच हातात, आणि ओळ संपली की परत सुरू. आमच्याकडे टीव्हीवर मराठी कानावर पडायचंच कुठे नं त्या काळी. मग ते पोकळ कसं? पण मुलाचं म्हणणंही डोक्यातून जात नाहीये.

पेटीवाले_रामबाग:
ताई, तीस वर्षं पेटी वाजवतोय म्हणून सांगतो, या गाण्यांची बांधणीच रडवायला केलेली असते. लय संथ, चाल पाच-सहा सुरांत फिरणारी म्हणजे कोणालाही म्हणता यावी, मधे लहान मुलांचा कोरस, आणि शेवटच्या मुखड्याला अख्खं गाणं अर्धा सूर वर उचलायचं, म्हणजे समजा पांढरी तीनवर (पेटीची तिसरी पांढरी पट्टी सा धरून) चाललंय तर पांढरी चारवर न्यायचं, बस, तिथे डोळे भरतात, शब्द कोणतेही असोत. पण म्हणून ते खोटं होत नाही, अंगाईसुद्धा मूल झोपावं म्हणूनच तशी बांधलेली असते. आणि मुलाला हेही सांगा की 1985 चं 'वी आर द वर्ल्ड' आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी होतं, चाळीसच्या वर मोठमोठे गायक एका रात्रीत स्टुडिओत जमले, रेकॉर्ड विकून 6 कोटी डॉलरच्या वर मदत गोळा झाली. म्हणजे तिथे काय करायचं ते स्पष्ट होतं, रेकॉर्ड घ्या, पैसे तिकडे जातील.

जुन्या_इंदूरचा:
माझं मत मुलाच्या बाजूने आहे, माफ करा ताई. आमच्या बिल्डिंगमध्ये 15 ऑगस्टला सकाळपासून भाईचाऱ्याची गाणी लाऊडस्पीकरवर असतात आणि त्याच वर्षी एका कुटुंबाला फक्त आडनाव ऐकून फ्लॅट भाड्याने द्यायला नाही म्हटलं, मी त्या मीटिंगमध्ये होतो आणि गप्प बसलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. गाणं ऐकून गळा दाटला की आपलं काम झालं असं वाटायला लागतं, माझी तक्रार तीच आहे. मला 1959 च्या 'धूल का फूल'मधलं साहिरचं गाणं म्हणून आवडतं, 'तू हिंदू बनेगा ना मुसलमान बनेगा'. टाकून दिलेलं मूल एक मुसलमान माणूस वाढवतो, आणि तो त्या एका पोराला हे सांगतोय, सगळ्या जगाला नाही. संगीत एन. दत्ता, म्हणजे आपले गोव्याचे दत्ता नाईक.

राजवाडा_इंदूर:
कार्यक्रम कोणत्या दिवशी आहे ताई? भाचीला घेऊन येईन.

निवृत्त_शिक्षिका:
मला तर वाटतं पसायदान घ्या. रोज म्हणतो म्हणून आपण ते ऐकतच नाही खरं तर. 'जे खळांची व्यंकटी सांडो', बघा नं, दुष्ट माणसं नाहीशी होवोत असं नाही मागितलं, त्यांचा वाकडेपणा तेवढा गळून पडो, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो, आणि मग कुठे 'मैत्र जीवांचे'. आधी वाकडेपणा आहे हे कबूल केलंय आणि तो कोणातही असेल, वर दादांनी मीटिंगचं लिहिलं तसा. त्यामुळे ते मैत्र स्वस्त वाटत नाही. हृदयनाथांच्या चालीतलं लताबाईंचं मुलांना ऐकवा, त्या आपल्या इंदुरातच जन्मल्या 1929 साली, हे निम्म्या मुलांना माहीतच नसेल.

सुदामानगरची_ताई:
सगळ्यांचे खूप आभार. जुन्या इंदूरचे दादा, तुमचं मी मुलाला वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला साहिरचं घे, तबला मी वाजवतो. म्हणून दोन्ही घेतोय, आधी ते आणि शेवटी पसायदान. काल पहिली तालीम झाली, एका सिंधी मुलीने विचारलं आंटी व्यंकटी म्हणजे काय, मी म्हटलं वाकडेपणा, तर म्हणते म्हणजे भैया मला सायकल देत नाही तसं? मी म्हटलं हो गं, तसंच. मग घरी जाताना जिन्यात तीच ओळ मोठ्याने म्हणत गेली. राजवाडावाले, कार्यक्रम विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आहे, भाचीला नक्की आणा. आणि पेटीवाले दादा, पट्टी कोणती ठेवू, मुलांना काळी चार झेपेल की खाली घेऊ?