प्रौढ शिक्षणाचा पैसा हंगाम बघून खर्च करा: खान्देशापुरती मागणी

रावेरकर: उल्हास नवभारत साक्षरता कार्यक्रम या केंद्राच्या प्रौढ साक्षरता योजनेला 2022 ते 2027 साठी 1037.90 कोटी रुपये आहेत. शिकवायचे आहेत 15 वर्षांवरचे 5 कोटी निरक्षर. भागाकार करा, पाच वर्षांत माणशी सुमारे 208 रुपये येतात. शिकवणारे बिनपगारी स्वयंसेवक. वर आपल्या राज्यात 2024 आणि 2025 ला परीक्षा घेतली मार्चमध्ये, जेव्हा नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याची कितीतरी माणसं गुजरातेत ऊसतोडीला असतात!

कौशल्य वर्गांचंही तेच. केळी निर्यातीत फण्या सोडवणं, साल न खरचटू देता धुणं, 13 किलोच्या खोक्यात नीट बसवणं हे कसबाचं काम आहे. ते शिकायला चाळिशीतली बाई आपला रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बुडवून दिवसभर वर्गात कशी बसेल? वेळापत्रक जिल्ह्याला ठरवू द्या, पैसाही जिल्ह्याकडे द्या, आणि बुडालेला रोज भरून द्या.

चटईवाला, जळगाव: पटलं नाही. पैसा मोजका आहे. तो रोज भरण्यात गेला तर शिकवायला काय उरणार? आमच्याकडे प्लॅस्टिक चटईच्या यंत्रावर माणूस मिळत नाही. विशीतल्या पोरावर खर्च केला तर तो तीस-पस्तीस वर्षं काम करेल. आधी आयटीआयची जुनी यंत्रं बदला.

रावेरकर: भाऊ, तुमचं यंत्र आज चालवतोय कोण? वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेला कामगारच ना? त्याच्या हातात कसब आहे, कागद नाही. आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे, त्याला कमी दिवस लागतात. ते प्रमाणपत्र बघून तुम्ही पगार वाढवणार असाल तर बोला.

शहाद्याची ताई: तुम्ही दोघंही कामाचंच बोलताय. तोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. वहीत किती लिहिली, किती फिटली, हे त्यांना वाचता येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता 64 टक्के होती, राज्याची 82. बायांची तर आणखी खाली. आधी वाचन आणि हिशेब, तेही पावसाळ्यात, माणसं घरी असताना. आणि शिकवणाऱ्या गावातल्या पोरीला मानधन द्या. फुकट किती दिवस राबेल ती?

निदेशक, धुळे: ताईंशी सहमत. पण सगळा पैसा जिल्ह्याकडे देण्याला माझा ठाम विरोध आहे. केंद्रं कुणाला मिळतील ते आपल्याला माहीत आहे. शिवाय प्रशिक्षण संस्थेला पैसे मिळतात डोक्यामागे, तासाच्या दराने. त्यामुळे ती यंत्रसामग्री कमी लागणारे वर्ग काढते: शिवणकाम, डेटा एन्ट्री. वेल्डिंगला पत्रा, रॉड, वीज सगळंच लागतं, ते कोण काढणार? पैसा जिल्ह्याकडे देऊन हे बदलणार नाही, दर बदलावा लागेल.

रावेरकर: दराचा मुद्दा मान्य. पण वेळापत्रक तरी जिल्ह्याकडे हवंच, त्यात कुणाला कंत्राट मिळत नाही. रोज भरून देण्यावरही मी ठाम आहे. शेतमजुराच्या घरात तीन महिने एक मजुरी कमी आली तर चूल कशावर पेटायची, ते चटईवाल्या भाऊंनी सांगावं.

चटईवाला, जळगाव: अर्धा रोज कारखान्याने, अर्धा सरकारने भरावा, पण वर्ग आमच्याच कारखान्यात, आमच्या यंत्रावर. एवढ्याला मी तयार आहे. शेतातल्या मजुराचा अर्धा कोण भरणार, ते मात्र तुम्ही केळीवाल्यांनी ठरवा.