ऑर्कुटवर तुम्ही कोण होतात?

रातकिडा:
काल माळा आवरताना अकरावीचं फिजिक्सचं जर्नल सापडलं. मागच्या कोऱ्या पानांवर बॉलपेनने पानंच्या पानं उत्तरं. फिजिक्सची नाहीत, हॉगवर्ट्सची, म्हणजे हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेची! ऑर्कुट आठवतं ना, सगळे फेसबुकवर जायच्या आधीची साइट? तिथे आमची रोलप्लेची कम्युनिटी होती: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि तेच बनून एकमेकांना उत्तरं लिहायची. कॅफेत तासाला 15 रुपये, त्यातली 10 मिनिटं पेज उघडण्यात जायची. म्हणून मी घरूनच लिहून न्यायचे आणि तिथे धडाधड टाइप करायचे. बोलणं अवतरणात, कृती दोन चांदण्यांच्या मध्ये: *छडी उगारतात*. उगारतात, कारण मी सोळा वर्षांची मुलगी, साठीतले खडूस प्रोफेसर होते. फोटो गुगलवरच्या कुठल्याशा दाढीवाल्याचा. सगळे "सर, सर" करायचे. 2006 ते 2010. घरी कुणालाच माहीत नव्हतं, नवऱ्यालाही अजून नाही. लिहा तुम्हीपण.

फोडणीचाभात:
बीएसएनएलचा 500 चा प्लॅन, रात्री 2 ते सकाळी 8 फुकट. 2 चा गजर लावून उठायचो. आई अख्ख्या बिल्डिंगला सांगायची, पोरगा पहाटे उठून अभ्यास करतो. बारावीचे टक्के विचारू नका.

दिवाभीत:
गॉडमोडिंगवाल्यांवर अजून राग आहे. आपण विचार करून मंत्र टाकायचा आणि समोरचा लिहिणार, "तुझा नेम चुकला, तू बेशुद्ध." अरे, माझं कॅरेक्टर, बेशुद्ध कधी पडायचं ते मी ठरवीन ना! मॉडरेटर त्याचाच मित्र. बस आली, नंतर लिहितो.

अळूवडी:
"बॅड, बॅड सर्व्हर. नो डोनट फॉर यू." मोठ्ठा उतारा पोस्ट केला की ऑर्कुटचा हाच एरर यायचा. आमच्या सांगलीत डोनट पाहिला होता कुणी?

फोडणीचाभात:
@अळूवडी, मला तो शिवीचाच प्रकार वाटायचा 😂
21 जुलै 2007 आठवतंय का? शेवटचं पुस्तक आलं आणि कम्युनिटीत शुकशुकाट, शेवट कळेल म्हणून कुणी फिरकेना. मग पुस्तकात गेलेल्या पात्रांवरून आठवडाभर भांडणं: मेलेल्यांनी लॉगिन करायचं की नाही? आमचे मेलेले जास्तच बोलायला लागले.

उंबरा:
माझ्या बहिणीचं पात्र करणारी मुलगी नागपूरची होती, म्हणजे ती तसं सांगायची. खरं नाव कधी विचारलं नाही. 2009 मध्ये तिची शेवटची पोस्ट: *भिजलेली, दार ढकलून आत येते*. मग माझी परीक्षा आली, सगळे फेसबुकवर गेले, उत्तर द्यायचं राहिलंच. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद होणार म्हटल्यावर दोन दिवस आधी जुना पासवर्ड शोधून गेले. ती तशीच दारात. लिहिलं, "बस, डोकं पूस आधी. चहा टाकते." हॉगवर्ट्समध्ये चहा कोण टाकतं, पण तेच सुचलं.

अळूवडी:
उंबरा 🥺 कुकर लावायला आले होते, तीनच्या पाच शिट्ट्या झाल्या.

रातकिडा:
उंबरा, काय लिहू? मीही असे दोघे-तिघे ताटकळत ठेवलेत.
@दिवाभीत, मॉडरेटर मीपण होते. मित्रांची बाजू घेतली आहे. सॉरी.

दिवाभीत:
सॉरी नको सर, कापलेले 20 गुण परत द्या.

अळूवडी:
बरं, माळा आवरायला माणूस मिळाला की स्वतःच चढलीस? आमच्याकडे झुरळं आहेत, मला भीती वाटते.