मदत हवी आहे: सांगलीहून रेल्वेने बेंगळुरू, शनिवार-रविवार, वंडरला आणि सोबत सासूबाई

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. जानेवारीत पोरांना घेऊन बेंगळुरूला शनिवार-रविवार काढायचा आहे. मुख्य कारण वंडरला, म्हणजे तिथलं अम्युझमेंट पार्क. चिरंजीवांच्या वर्गातली काही पोरं दिवाळीत तिथं जाऊन आली आणि तेव्हापासून आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नाही. आम्ही सांगलीचे, राहायला विश्रामबागला. जाणार मी, नवरा, मुलगा सातवीत, मुलगी दुसरीत आणि सासूबाई, वय ६८, गुडघे कुरकुरतात पण फिरायची हौस आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त.

नवऱ्याचं म्हणणं गाडी काढू, हायवे मस्त आहे, पहाटे निघालो की संध्याकाळच्या आत पोचतो. माझं म्हणणं एवढे सहाशेच्या वर किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं आणि मधले दोन दिवस तू हॉटेलात घोरणार, मग पोरांना पाळण्यात बसवायचं कोणी, मी? शिवाय सासूबाईंना इतके तास पाय मुडपून बसवत नाही. राणी चन्नम्मा एक्सप्रेस आता मिरजेऐवजी सांगलीतूनच सुटते, रोज आहे, शुक्रवारी दुपारी बसलं की शनिवारी सकाळी बेंगळुरू, आणि येताना रविवारी रात्री अकराला बसून सोमवारी दुपारी घरी. म्हणजे शुक्रवारी अर्धी रजा आणि सोमवारी पोरांची शाळा बुडणार, ते मी मनाशी मान्य केलंय.

आता अडचणी. वंडरला शनिवारी करावं की रविवारी? शनिवारी म्हणजे रेल्वेतून उतरून तसंच, रविवारी म्हणजे तिथून थेट रेल्वेत. दोन्हीत पोरं दमणारच. दुसरं म्हणजे मुलाची उंची. परवा दाराच्या चौकटीला उभा करून पेन्सिलीनं खूण केली तर १३८ आणि वर थोडी. १४० च्या आत असेल तर लहान मुलाचं तिकीट, म्हणून बाप खूष, आणि मोठ्या राइडना १४० लागते म्हणून पोरगा रडकुंडीला. तेव्हापासून रोज सकाळी दाराच्या वरच्या पट्टीला लोंबकळतोय आणि जाड तळव्याच्या बुटांची चौकशी चालू आहे. सासूबाईंनी तिथं दिवसभर करायचं काय, मुलीला बर्थ घ्यावा का, सकाळी सकाळी उतरल्यावर आंघोळीची सोय कुठं, तेही सांगा. बजेट मध्यम आहे, चैन नको पण स्वच्छ पाहिजे.

---

हरिपूरकर: इमॅजिका सोडून एवढ्या लांब कशाला? खोपोलीजवळच तर आहे.

घाटावरची: हरिपूरकर, इमॅजिका छानच आहे पण ते गाडीनं जाणाऱ्यांसाठी. रेल्वेनं जायचं तर कर्जत, मग खोपोली, मग तिथून रिक्षा. आणि पार्क झालं की आजूबाजूला शहर नाही, परत पुणे नाहीतर मुंबई गाठा. यांना शहरपण बघायचंय ना. मला तर त्या रात्रीच्या प्रवासातच अर्धी ट्रिप वसूल वाटते, पोरांना वरच्या बर्थवर चढायला मिळतं तेच त्यांचं अम्युझमेंट पार्क.

मिरज_जंक्शन: राणी चन्नम्माला डोळे झाकून बसा. घटप्रभा, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी करत जाते, बेळगाव येईपर्यंत संध्याकाळ होते आणि हुबळीला जेवून आडवं व्हायचं. आता तिकिटाचं. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, जानेवारीतल्या सुट्टीला लागून असेल तर पहिल्याच दिवशी काढा, तत्काळच्या भरवशावर पाच जणांना घेऊन निघू नका. मुलगी ५ ते १२ मधली, म्हणजे बर्थ नको म्हणालात तर अर्धं तिकीट, बर्थ पाहिजे तर पूर्ण. घ्याच बर्थ. रात्रभर एका बर्थवर दोघी म्हणजे सकाळी दोघींचेही डोळे लाल आणि पुढं अख्खा दिवस वंडरलात चालायचंय.

सासूबाईंच्या लोअरबद्दल एक बघून घ्या. ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा एकट्यानं किंवा दोघा ज्येष्ठांनी तिकीट काढलं तरच लागतो, पाच जणांच्या तिकिटात नाही. त्यांचं वेगळं काढलं तर लोअर मिळेल पण डबा दुसरा येऊ शकतो. त्यापेक्षा सगळ्यांचं एकत्र आणि लवकर काढा, एका कप्प्यात दोन लोअर असतातच, एक त्यांना. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती आशा सोडा. आणि विश्रामबागकरांनी मिरजेला जाऊ नका, सांगलीतच बसा, गाडी तिथूनच सुटते त्यामुळं डबा रिकामा असतो, सामान निवांत लावता येतं. मोबाईल रात्री अकराच्या आत चार्ज करून घ्या, अकरा ते पाच प्लग बंद असतात.

चहाबाज: बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत पण सुरू झालीय ना? तिचं बघा की.

मिरज_जंक्शन: झालीय, ऑगस्ट २०२५ पासून. पण ती बेळगावातून पहाटे सुटते आणि येताना बेंगळुरूतून दुपारी. म्हणजे सांगलीकरानं आदल्या रात्री बेळगावात मुक्काम करायचा आणि रविवारचा दिवस अर्धा घालवायचा. यांच्या कामाची नाही.

मजेस्टिकवाला: ताई, मी मूळचा तासगावचा, पोटापाण्याला बेंगळुरात. गावाकडनं पाहुणे आले की वंडरलाची ड्यूटी आमच्याकडेच असते, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

शनिवार. डोळे झाकून शनिवार. वंडरला म्हैसूर रोडवर बिडदीजवळ आहे, शहरापासून २८ किलोमीटर. रविवारी संध्याकाळी म्हैसूरकडं फिरायला गेलेलं निम्मं बेंगळुरू त्याच रस्त्यानं परत येत असतं. तुमची गाडी अकराला. पिशवीत ओले कपडे, पेंगलेली पोरं, केंगेरीजवळ मुंगीच्या वेगानं सरकणारी कॅब आणि पुढच्या सीटवर घड्याळ बघणारे भाऊजी, हे सगळं डोळ्यासमोर आणा. शनिवारी उशीर झाला तर झाला, हॉटेलवर जाऊन झोपायचंय फक्त.

सकाळी उतरल्यावर घाई नसते कारण पार्क अकराला उघडतं. स्टेशनसमोरच मजेस्टिकचा बसस्टँड, मेट्रोपण तिथंच, आणि गांधीनगरात चालत जाण्याच्या अंतरावर ढीगभर लॉज. फोन करून एकच प्रश्न विचारा, चेकआउट २४ तासांचं आहे का. इथं बऱ्याच ठिकाणी तसं असतं, म्हणजे सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तुमची. दुपारी बाराचं चेकइन असलेलं भारीतलं हॉटेल घेतलंत तर लॉबीत बॅगांवर बसून राहाल. फक्त आंघोळच करायची असेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम पीएनआरवर ऑनलाइन बुक होते.

जायला मेट्रोची पर्पल लाइन शेवटपर्यंत, चल्लघट्टा स्टेशन, तिथून रिक्षा. स्वस्तात पडतं. बिडदीपर्यंत रेल्वेपण आहे. पण तुम्ही पाच जण आणि आजी, सरळ मोठी कॅब करा आणि वाटेत बिडदीला तट्टे इडली खा. ताटलीएवढी इडली, वर लोण्याचा गोळा, चटणी. दोन खाल्ल्या की दुपारपर्यंत काही लागत नाही, आणि आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत त्यामुळं ते बरंच पडतं. भडंगाची पिशवी खोलीवरच ठेवा.

पोराच्या उंचीचं म्हणाल तर तिथं पट्टी लावून बघतात आणि राइड चालवणाऱ्यांशी हुज्जत घालून उपयोग नाही, ते पोराच्याच जिवासाठी आहे. १४० नाही भरली तर रिकॉइलसारखी मोठी कोस्टर विसरायची. पण पाण्यातलं आणि मधल्या राइड मिळून त्याचा दिवस सहज जातो. आधीच घरी स्पष्ट सांगून ठेवा, गेटवर कळलं की तमाशा होतो.

घाटावरची: मजेस्टिकवाले, तट्टे इडलीसाठी सेपरेट धागा काढा प्लीज.

दोन_पोरांची_आई: कपड्यांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पाण्यात कॉटन चालत नाही, जीन्स नाही, ओढणी-सलवार नाही. नायलॉन किंवा लायक्राच लागतं. तिथं भाड्यानं मिळतं पण आपल्या मापाचं शोधेपर्यंत नवरा आणि पोरं वेव्ह पूलमध्ये पोचलेली असतात. इथूनच फुल लेगिंग आणि टी-शर्ट टाइप घेऊन जा, घरच्यांसमोर मोकळं वाटतं. आधी कोरड्या राइड, ऊन तापल्यावर पाणी. जानेवारीत बेंगळुरूची हवा गार असते, संध्याकाळी ओल्या अंगानं रांगेत उभं राहिलं की मुलीचे दात वाजतील. एक टॉवेल माणशी जास्तच घ्या, आणि मुलीच्या हातावर पेननं तुमचा नंबर लिहा, पाण्यानं पुसला जाईल तर आतल्या बाजूला परत लिहा, कंटाळा करू नका.

आणि आजींना बॅगा राखायला बसवू नका हं. सगळे तेच करतात. लॉकर घ्या. ६० च्या वरच्यांना तिकिटात सवलत असते, आधारकार्ड जवळ ठेवा. ८२ एकराचं आवार आहे, चालणं भरपूर, त्यामुळं गुडघ्याचा पट्टा आणि चांगल्या चपला. आमच्या सासूबाई रेन डिस्कोत नाचल्या होत्या, गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

चहाबाज: लई भारी सासूबाई 😂

सांगली_ते_बेंगळुरू (धागाकर्ती): सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला मजेस्टिकवाल्यांचा पुढच्या सीटवरच्या घड्याळाचा परिच्छेद वाचून दाखवला, काही न बोलता गाडीच्या सर्व्हिसिंगची अपॉइंटमेंट पुढं ढकलली, म्हणजे रेल्वे फायनल. शनिवार वंडरला हेही फायनल. आता रविवारचं सांगा. रात्री अकरापर्यंत काय करायचं आणि सामान कुठं ठेवायचं? मॉल नको, मॉल बघायला बेंगळुरूला जात नाही.

मजेस्टिकवाला: सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये, पण बॅगेला कुलूप पाहिजे, बिनकुलपाची घेत नाहीत, आणि तिकीट दाखवावं लागतं. घरून छोटी कुलपं आणा.

सकाळी लवकर लालबाग. तिथला तो मोठा खडक तीनशे कोटी वर्षांचा आहे, पोरांना वर चढू द्या, आजी खाली बाकावर. मग लालबाग रोडवरच एमटीआर, १९२४ पासूनचं. रविवारी रांग असते पण नाव लिहून थांबा, रवा इडली आणि फिल्टर कॉफी. सोमवारी बंद असतं ते तुम्हाला आड येत नाही. दुपारी कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या म्युझियम, विज्ञानाचं आहे, बटणं दाबायची खेळणी भरपूर, सातवीतल्या पोराला तिथनं ओढून बाहेर काढावं लागेल. लागूनच कब्बन पार्क, तिथं झाडाखाली आजींची एक झोप. सात-साडेसातला मजेस्टिकला परत, जेवण, नऊ-साडेनऊला फलाटावर.

फक्त तारीख बघून ठरवा. २६ जानेवारीच्या निमित्तानं लालबागेत फुलांचं प्रदर्शन भरतं, बघण्यासारखं असतं पण रविवारी आत पाय ठेवायला जागा नसते. आजी आणि दुसरीतली मुलगी सोबत असताना मी तरी टाळीन. महिन्याच्या सुरुवातीला या.

सांगली_ते_बेंगळुरू: दुसरा शनिवार धरतोय मग, माझ्या बँकेला तशीही सुट्टी. सासूबाईंनी धागा वाचायला लावला होता मोठ्यानं, रेन डिस्कोपाशी थांबवून विचारलं की ते नायलॉनचं त्यांच्या मापाचं सांगलीत कुठं मिळेल. कापड पेठेत कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि चिरंजीव आज सकाळी १३८.७.

दोन_पोरांची_आई: संध्याकाळी मोजू नका म्हणावं, संध्याकाळी माणूस थोडा आखूड भरतो. कपड्यांचं व्यनि (खाजगी निरोप) करते.