मदत हवी आहे – लेबर लॉवाल्यांसाठी इंटरनॅशनल ट्रेनिंग
इथे कोणी एम्प्लॉयमेंट लॉ करणारे वकील आहेत का? माझी प्रॅक्टिस कामगारांच्या बाजूची, पण हल्ली केसेस अशा येतायत की कंपनी एका देशात, माणूस घरून काम करतो दुसऱ्या देशात आणि काढून टाकलं तर कायदा कुठला लावायचा यावरच अर्धी भांडणं. म्हणून बाहेर काहीतरी शिकावं म्हणतेय. इटलीत तुरीनला आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं) ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे आंतरराष्ट्रीय कामगार मानकांवर वकील-जजेससाठी कोर्स असतो, तो कोणी केलाय का? कोर्टात सी १९० (कामाच्या ठिकाणच्या हिंसा-छळाविरुद्धचा आयएलओचा करार) वगैरे कन्व्हेन्शन मांडताना खरंच उपयोग होतो का? दुसरं म्हणजे आयबीएच्या (इंटरनॅशनल बार असोसिएशन, वकिलांची जागतिक संघटना) एम्प्लॉयमेंट कमिटीत जायचं तर तिथे सगळे मॅनेजमेंटच्या बाजूचेच भेटतात की आमच्यासारखेही असतात? नुसती कार्डं वाटायला एवढा खर्च नको वाटतो. स्कॉलरशिपचंही सांगा प्लीज.