मदत हवी आहे: क्षारपड जमिनीत जिप्सम आधी की निचरा आधी, आणि निचऱ्याचे पाणी सोडायचे कोठे?

शिरोळ तालुक्यात कृष्णेपासून काही अंतर आत आमची दोन एकर तीस गुंठे काळी भारी जमीन आहे. उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून तिच्यात उसाची लागण आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घेतलेले पीक) यांखेरीज दुसरे पीक क्वचितच घेतले गेले. पाणीपट्टी एकरावर ठरलेली असल्यामुळे पाळी आली की सरी तुडुंब भरून घेण्याची पद्धत आमच्याकडे सर्वत्र आहे आणि आमचे शिवारही त्याला अपवाद नव्हते. पूर्वी एकरी 60 टनांच्या आसपास येणारा ऊस आता खोडव्याला 22 टनांवर आला असून, खालच्या अंगाच्या पंधरा-वीस गुंठ्यांत तर डोळेच उगवत नाहीत.

लक्षणे सविस्तर लिहितो, कारण निदान त्यांवरच अवलंबून आहे. उन्हाळ्यात वरंब्यांच्या माथ्यावर पांढरी भुकटी येते. खालच्या कोपऱ्यात मात्र पांढऱ्याऐवजी काळसर, तेलकट दिसणारे डाग पडतात. तेथे साचलेले पाणी आठवडा उलटला तरी निवळत नाही, गढूळच राहते. आणि वाळल्यावर जी ढेकळे निघतात ती रोटाव्हेटरनेही फुटत नाहीत. हाताने चालवण्याच्या गिरमिटाने भोक पाडून पाहिले, तेव्हा पावसाळ्याच्या अखेरीस अडीच फुटांवर आणि ऐन उन्हाळ्यात साधारण चार फुटांवर पाणी लागले.

माती परीक्षणाच्या अहवालातील वरच्या एक फुटाचे आकडे असे आहेत: सामू (pH) 8.7, क्षारता 1.9 डेसिसायमन प्रति मीटर, विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम 21 टक्के, मुक्त चुनखडी 13 टक्के. अहवालात क्षारतेपुढे ‘मध्यम’ असा शेरा आहे. शेतातील पांढरा थर पाहता हा शेरा मला पटत नाही.

तालुक्याच्या गावी एका खत विक्रेत्याने एकरी दहा पोती जिप्सम टाकून भरपूर पाणी द्या, क्षार खाली धुऊन जातील, असे सांगितले. खाली अडीच फुटांवर पाणीच उभे असेल तर क्षार धुऊन जाणार कोठे, हा साधा प्रश्न मी विचारला. त्याचे उत्तर मिळाले नाही. जाणकारांनी पुढील बाबींवर मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

पहिली बाब म्हणजे क्रम. जमिनीत चुनखडी एवढी असताना जिप्सम विकत घ्यावे, की गंधक टाकून जमिनीतलाच कॅल्शियम मोकळा करावा? आणि दोन्हींपैकी काहीही निचऱ्याआधी टाकण्यात अर्थ आहे का? दुसरी बाब खर्चाची. सच्छिद्र पाइपांची भूमिगत निचरा प्रणाली महाग पडते, म्हणून मोल नांगराने (जमिनीखाली पाइपाविना बोगद्यासारखी पोकळी पाडून) निचरा काढावा असे घरात मत आहे. तिसरी बाब मला सर्वांत अवघड वाटते. आमच्या खालच्या बांधाला लागून ओढा आहे, पण तो गाळाने आणि वेड्या बाभळींनी इतका भरला आहे की त्याचा तळ शेताच्या पातळीपेक्षा जेमतेम तीन फूट खाली उरला आहे. अशा स्थितीत निचऱ्याचे पाणी बाहेर कसे काढावे?

प्रतिसाद (निवृत्त मृदा प्रयोगशाळा सहायक):

आपले वर्णन व्यवस्थित असल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी अहवालाविषयी. जमीन खारवट ठरवण्यासाठी 4 डेसिसायमनची जी मर्यादा सर्वत्र सांगितली जाते, ती संपृक्त (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या) मातीच्या अर्कासाठी आहे. बहुतेक प्रयोगशाळा मात्र एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा द्रावणात क्षारता मोजतात आणि त्यात क्षार विरळ होतात. भारी जमिनीत संपृक्त अर्काची क्षारता या आकड्याच्या दुपटीहूनही अधिक निघू शकते. म्हणून तुमचा 1.9 हा आकडा दिलासा देणारा नाही. सोडियम 15 टक्क्यांच्या वर आहे, पाणी निवळत नाही, काळे डाग आहेत; त्यामुळे ही जमीन केवळ खारवट नसून चोपणही (सोडियम वाढून घट्ट झालेली) होत चालली आहे, असे मी म्हणेन.

आता दहा पोत्यांचा हिशेब. काळ्या जमिनीची धनायन विनिमय क्षमता (सोडियम, कॅल्शियम यांसारखे घटक धरून ठेवण्याची ताकद) 100 ग्रॅम मातीस 50 मिलिइक्विव्हॅलंट धरली आणि सोडियम 21 वरून 10 टक्क्यांवर आणायचे म्हटले, तर साडेपाच मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवावे लागते. वरच्या 15 सेंटिमीटर थरातील एका मिलिइक्विव्हॅलंटसाठी हेक्टरी सुमारे 1.9 टन शुद्ध जिप्सम लागते. म्हणजे एकरी चार टनांहून थोडे अधिक. व्यवहारात याच्या निम्मी मात्रा देऊन उरलेले काम हिरवळीच्या खतावर सोपवतात. तरीही दोन टन झालेच, आणि पन्नास किलोची दहा पोती म्हणजे अर्धा टन.

चुनखडीयुक्त जमिनीत गंधक चालते, कारण जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडी विरघळवते. परंतु त्या जिवाणूंना हवा लागते. पाणथळ जमिनीत हवा नसते, म्हणून गंधक तसेच पडून राहते. जिप्समने सुटलेले सोडियमही पाण्याबरोबर बाहेर गेले नाही, तर उन्हाळ्यात पुन्हा वर येते. तेव्हा निचरा आधी, सुधारक नंतर, आणि त्यांच्या जोडीला धैंचा हे हिरवळीचे पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास गाडणे, हाच क्रम ठेवा. मोल नांगराचा विचार तूर्त सोडून द्या: सोडियम एवढे असताना मातीचे कण विखुरतात आणि मोलची पोकळी लवकर ढासळते.

भूमिगत पाइप साधारण चार फुटांवर असतात. ओढ्याचा तळ तीन फुटांवर असेल तर उताराने पाणी जाणारच नाही, त्यामुळे पाइप घेण्याआधी लेव्हल काढून घ्या. खालच्या कोपऱ्यात मोठे चेंबर बांधून मोटरने पाणी उपसणे हा एक मार्ग आहे. वरच्या अंगाने पाट किंवा उसाची भिजवणी असेल, तर त्या बांधालगत आडवा खोल चर काढून येणारे पाझर तोडा. अनेक शेतांत निम्मे दुखणे तिथूनच येते. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात याच पट्ट्यातील जमिनींवर काम झालेले आहे, तेथे अहवाल घेऊन प्रत्यक्ष जावे.

जाता जाता एक गोष्ट. हा प्रश्न आजचा नाही. नीरा डाव्या कालव्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच घडले होते, आणि अभियंते विश्वेश्वरय्या यांनी आणलेल्या ब्लॉक पद्धतीत उसाचे क्षेत्र मर्यादित ठेवून पिकांची फेरपालट करण्यामागे अतिसिंचन रोखणे हाही हेतू होता. आपण ते बंधन कधीच गुंडाळून ठेवले. निचरा होईपर्यंत ऊसच घ्यायचा असेल तर फुले 265 हे वाण त्यातल्या त्यात क्षार सोसते. पण निदान खोडवा तरी थांबवा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. जिप्समचा हिशेब घरी सर्वांना वाचून दाखवला. वरच्या बांधालगत पाट आहे, त्यामुळे आडव्या चरापासूनच सुरुवात करण्याचे ठरवत आहोत.

चेंबर आणि मोटर यांबाबत मात्र एक अडचण उरते. आमच्या खाली ओढ्यावरून तीन-चार शेतकरी भाजीपाल्यासाठी पाणी उचलतात. सुरुवातीच्या काळात निचऱ्यातून येणारे पाणी बरेच खारे असणार, हे उघड आहे. पावसाळ्यात ओढा वाहता असतानाच उपसा करावा असा माझा विचार आहे. पण 2005, 2019 आणि 2021 यांसारखा महापूर आला तर ओढा उलटा शेतात शिरतो आणि चेंबर पाण्याखाली जाते. शिवाय शेजारच्या दोन खातेदारांना बरोबर घेतल्याशिवाय खर्च झेपणारा नाही. ज्यांनी गटाने अशी प्रणाली बसवली आहे, त्यांनी कृपया सांगावे: मोटरचे वीजबिल क्षेत्रावर वाटले की पाइपांच्या लांबीवर, ओढ्याकाठच्या खालच्या शेतकऱ्यांशी लेखी काही ठरवले का, आणि पुराच्या काळात चेंबरच्या तोंडाशी कोणती झडप बसवली?